बुडबुड्यांचे व्याकरण

सोड्याची बाटली उघडली की बुडबुड्यांची माळ वर येते. बूच घट्ट असते तोवर वायू द्रवात मुकाट बसलेला असतो. दाब उतरला की त्याला बाहेर पडायला फक्त निमित्त हवे असते. काचेवरचा ओरखडा, धुळीचा कण, काहीही पुरते. १९५२ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डोनाल्ड ग्लेसर या पंचविशीतल्या प्राध्यापकाने अशाच एका निमित्ताचा उपयोग करून घेतला. बिअरच्या ग्लासाकडे पाहताना त्यांना ही कल्पना सुचली अशी दंतकथा आहे. ती स्वतः ग्लेसर यांनीच पुढे खोडून काढली, पण दंतकथा टिकायची ती टिकलीच.

त्यांची युक्ती अशी. एखादा द्रव दाबाखाली ठेवून उकळबिंदूच्या वर तापवायचा आणि मग दाब झटकन काढून घ्यायचा. द्रवाला उकळायचे तर असते, पण क्षणभर त्याला सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. नेमक्या त्या क्षणी विद्युतभारित कण आरपार गेला, तर त्याच्या वाटेवर बारीक बुडबुडे उमटतात. लगेच छायाचित्र घ्यायचे. भोवती चुंबकीय क्षेत्र असेल तर ही वाट वळते आणि ती किती वळली यावरून कणाचा संवेग काढता येतो. या ‘बुडबुडा-कोठी’साठी, म्हणजे बबल चेंबरसाठी, ग्लेसर यांना १९६० सालचे नोबेल मिळाले. तोवर बर्कलीमध्ये लुईस अल्वारेझ यांनी बहात्तर इंच लांबीची, द्रवरूप हायड्रोजनने भरलेली कोठी १९५९ मध्ये चालूही केली होती.

आणि इथूनच एक भलतीच अडचण उभी राहिली. कोठी छायाचित्रे काढी ती हजारांत नव्हे, लाखांत. ती पाहायची कोणी? बर्कलीत आणि जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत टेबलांच्या रांगा लागल्या. त्या टेबलांवर छायाचित्रे मोठी करून टाकली जात आणि बहुतेक करून तरुण स्त्रिया ती एकेक करून न्याहाळत. कुठली रेघ कुठे फुटली, कुठे वळली, कुठे थांबली, हे त्या टिपून ठेवीत. १९६४ मध्ये ब्रुकहेवन येथे ‘ओमेगा-ऋण’ हा कण सापडला, तेव्हा सुमारे एक लाख छायाचित्रे नजरेखालून गेली होती. सिद्धांत मांडणाऱ्या मरे गेलमन यांचे नाव जगाला ठाऊक झाले. ज्यांच्या डोळ्यांखालून ती छायाचित्रे गेली त्यांची नावे आली तर शोधनिबंधाच्या आभारात आली.

मुंबईला हा प्रकार नवा नव्हता. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, पन्नाशीच्या दशकात विश्वकिरणांचा अभ्यास चाले. फुग्यांना बांधून खास जाड थराच्या छायाचित्रण-पट्ट्या आकाशात सोडत. त्या खाली आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या वाटा शोधत बसायचे. अणूच्या गर्भाचे विज्ञान हे असे पुष्कळसे डोळे दुखवण्याचे काम होते.

याच संस्थेत १९५४ साली रंगस्वामी नरसिंहन नावाचे गणितज्ञ रुजू झाले. जन्म १९२६ सालचा, मद्रासचा. डॉक्टरेट अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाची, गणितातली. भाभांनी त्यांच्यावर काम सोपवले ते संगणक बांधण्याचे, आणि तेही अशा देशात जिथे संगणक बांधलेला माणूस शोधून सापडला नसता. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र तयार झाले. मग १९६० च्या सुरुवातीला मोठे यंत्र कामाला लागले. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृती २०४८ शब्दांची. आज आपण फोनवर एखादे छायाचित्र पाठवतो त्याला याच्या शेकडो पट जागा लागते! १९६२ च्या जानेवारीत संस्थेच्या कुलाब्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन झाले, तेव्हा पंडित नेहरूंनी या यंत्राचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

आता आपल्याला वाटेल, गणित झाले, अणू झाला, संगणक झाला. यात भाषाशास्त्र कुठून आले? ते आले १९५७ साली, हेगच्या एका प्रकाशकाने काढलेल्या शंभरेक पानांच्या पुस्तकातून. पुस्तकाचे नाव ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’, लेखक नोम चॉम्स्की, वय अठ्ठावीस.

त्याआधी भाषेचे गणित म्हणजे मोजणीचे गणित होते. रशियन गणिती आंद्रे मार्कोव्ह यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’मधली वीस हजार अक्षरे घेऊन, स्वरानंतर व्यंजन येण्याची शक्यता किती, याचा हिशेब मांडला होता. एकामागून दुसरे काय येते ते मोजत जा, म्हणजे भाषा हाती येईल, असा त्यातून निघणारा विचार. चॉम्स्की म्हणाले, या रस्त्याने वाक्यरचना कधीच हाती येणार नाही. त्यांनी उदाहरणे इंग्रजीची दिली. आपण मराठीचे घेऊ. ‘जो मुलगा, काल ज्या बाईंनी आपल्याला पत्ता सांगितला त्यांच्या घरी राहतो, तो आज आला होता.’ इथे ‘जो’ने एक कंस उघडला. त्याच्या पोटात ‘ज्या’ने दुसरा उघडला. ‘त्यांच्या’ने आतला कंस मिटला आणि ‘तो’ने बाहेरचा. मधे अजून एखादा ‘जिथे-तिथे’ सहज घालता येईल. ‘तो’ कशाला बांधलेला आहे, हे मागचे दोन किंवा चार शब्द मोजून कळत नाही, त्यासाठी वाक्याची घडण कळावी लागते. मोठे घटक छोट्या घटकांत फोडत नेणारे मोजके नियम लिहायचे आणि तेच नियम पुन्हा पुन्हा लावून अगणित वाक्ये तयार करायची, ही चॉम्स्की यांची कल्पना. ती गणिताच्या इतकी जवळची होती की संगणकवाल्यांनी ती लगोलग उचलली.

साठीच्या दशकाच्या आरंभी नरसिंहन काही वर्षे अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे ब्रूस मॅककॉर्मिक यांच्या नेतृत्वाखाली ‘इलियॅक-३’ या यंत्राची आखणी चालली होती. बुडबुड्यांची छायाचित्रे माणसाऐवजी यंत्राने वाचावीत, हे त्याचे काम. ३२ ओळी आणि ३२ रकाने अशा जाळ्यात १०२४ छोटे घटक बसवायचे, प्रत्येकाने चित्राचा एक ठिपका आणि शेजारचे ठिपके पाहायचे आणि सगळ्यांनी एकाच वेळी पाहायचे, अशी ती रचना होती.

पण ठिपके दिसणे वेगळे आणि चित्र कळणे वेगळे. नरसिंहन यांनी इथे एक साधा दिसणारा प्रश्न विचारला. चित्र हे वाक्यच आहे असे मानले तर? बुडबुडे म्हणजे अक्षरे. जवळजवळचे बुडबुडे मिळून एक तुकडा, तुकडे मिळून एक रेघ, रेघा एकत्र येतात तिथे नाका, आणि नाक्यांसकट सगळ्या रेघा मिळून एक ‘घटना’. कुठल्या भागाला कुठला भाग कसा जोडता येतो याचे नियम लिहा, म्हणजे ते झाले चित्राचे व्याकरण. यंत्राने चित्राला ‘हे अमुक आहे’ अशी नुसती चिठ्ठी चिकटवायची नाही, शाळेत आपण वाक्य-पृथक्करण करीत असू तसे त्याचे पृथक्करण करायचे. १९६२ च्या अहवालात आणि नंतर १९६४ व १९६६ सालच्या निबंधांत त्यांनी हा विचार मांडला. ‘वाक्यविन्यासाधारित आकृती-ओळख’ या नावाने पुढे जी शाखा वाढली, तिच्या पहिल्या काही मंडळींत त्यांचे नाव घेतले जाते.

या कल्पनेची खरी गोडी कळते ती न दिसणाऱ्या कणापाशी. विद्युतभार नसलेला कण कोठीतून गेला तर बुडबुडे उमटत नाहीत. लॅम्डा हा असा एक कण. तो जन्मतो, थोडा पुढे जातो आणि एक प्रोटॉन व एक ऋण पायॉन यांत फुटतो. छायाचित्रात दिसते ते असे: एक नाका, मग मोकळी जागा, आणि मग कुठूनही न जोडलेली दोन रेघांची एक बेचकी. बेचकीचे टोक मागच्या नाक्याकडे रोखलेले असते, त्यावरून मधून कोण गेले ते ओळखायचे. मराठी माणसाला हे अवघड वाटायचे कारण नाही. ‘जेवलीस का?’ या वाक्यात कर्ता कुठे आहे? दिसत नाही. पण ती समोरची एक व्यक्ती आहे, स्त्री आहे, आणि बोलणाऱ्याची तिच्याशी सलगी आहे, एवढे सगळे त्या क्रियापदाच्या शेपटाने सांगून टाकले. पाणिनीने तर अशा अदृश्य गोष्टींसाठी ‘लोप’ ही संज्ञाच केली, आणि प्रत्यय लोपला तरी त्याचे कार्य उरते असा नियमही घातला.

पाणिनीचे नाव आलेच आहे तर एक खुलासा करायला हवा. नरसिंहन यांच्या चित्र-व्याकरणाचा धागा चॉम्स्की यांच्याकडून आलेला आहे. आपल्याकडे कशालाही पाणिनीची पावती फाडायची जी हौस आहे, तिला इथे आवर घातलेला बरा. मात्र त्याच सुमारास संगणकाच्या जगात पाणिनीची आठवण निघाली हेही खरे. प्रोग्रामिंगच्या भाषांचे व्याकरण लिहिण्याची जॉन बॅकस यांची पद्धत १९५९ पासून रूढ होऊ लागली होती. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या संगणकतज्ज्ञाने एका नियतकालिकाला पत्र लिहून, या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ असे नाव द्यावे, अशी सूचना केली. सूचना मागे पडली. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने आधुनिक भाषाशास्त्राचे वर्ग भरू लागले होते. मराठीच्या ध्वनींचा आणि पदरचनेचा नव्या पद्धतीने अभ्यास करणारे अशोक केळकर याच पिढीचे.

इलियॅक-३ चे पुढे काय झाले? १९६८ साली प्रयोगशाळेत आग लागली आणि यंत्र जळाले. ते पुन्हा उभे राहिले नाही.

यंत्र जळाले नसते तरी फार फरक पडला असता असे मला वाटत नाही. एक तर त्या काळीच दोन तट होते. सर्नमधल्या काहींना सगळे काम यंत्राकडे द्यायचे होते. अल्वारेझ यांना ते मान्य नव्हते. माणसाचा डोळा जे पाहतो ते नियमात बसवता येत नाही, म्हणून टेबलाशी माणूस हवाच, असे त्यांचे म्हणणे. दुसरे म्हणजे छायाचित्रांचे युगच ओसरू लागले. १९६८ मध्ये जॉर्ज शारपाक यांनी तारांचा शोधक तयार केला. त्यात कणाची चाहूल थेट विद्युत-संकेत म्हणून मिळे आणि तो संकेत संगणक सरळ घेई. सर्नची शेवटची मोठी बुडबुडा-कोठी १९८४ मध्ये थांबली. ज्या प्रश्नासाठी व्याकरण लिहिले तो प्रश्नच उरला नाही.

आणि मग मोजणी परत आली. आज छायाचित्रातला चेहरा ओळखणारी, मराठीतून प्रश्न विचारला तर मराठीत उत्तर देणारी यंत्रे आहेत. त्यांना कोणी व्याकरणाचे नियम लिहून दिलेले नाहीत. अफाट मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज बांधत ती शिकतात. मार्कोव्ह यांच्या वीस हजार अक्षरांचा हा दूरचा वंशज. २०२४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल जॉन हॉपफिल्ड आणि जेफ्री हिंटन यांना मिळाले ते याच घराण्यातल्या, जाळ्यासारख्या यंत्रांच्या पायाभूत कामासाठी. वरचे ‘जो-ज्या-त्यांच्या-तो’ हे वाक्य ती बिनचूक जुळवतात. चॉम्स्की हरले, असे त्यावरून काही जण म्हणतात. मला हा निकाल घाईचा वाटतो. नियम न सांगता नियमाप्रमाणे वागता येते एवढे यातून दिसते. पण नियम त्या यंत्रात कुठे आणि कोणत्या रूपात बसलेले आहेत, हे शोधण्यासाठी आज संशोधकांना त्या यंत्राचेच पृथक्करण करीत बसावे लागते आहे.

नरसिंहन स्वतः या वादात तिसऱ्याच बाजूला उभे राहिले. भारतात परतल्यावर संस्था उभारणे, समित्या, शासकीय जबाबदाऱ्या हे सगळे त्यांच्या मागे लागले, तरी भाषा त्यांनी सोडली नाही. सत्तरीच्या दशकापासून ते चॉम्स्की यांच्यापासून दूर जात गेले. मूल व्याकरण जन्मतः घेऊन येते, हे त्यांना पटेना, आणि नुसत्या मोजणीनेही त्यांचे समाधान होईना. मूल भाषा शिकते ते कोणाशी तरी बोलत, मागत, रुसत, खेळत. तेव्हा वाक्यापेक्षा ‘भाषिक वर्तन’ अभ्यासा, असे ते म्हणू लागले. कणांच्या रेघा वाचू पाहणाऱ्या या गणितज्ञाने मग तमिळ घरातले मूल आणि त्याच्याशी बोलणारी मोठी माणसे यांच्या संभाषणांकडे लक्ष वळवले. १९८१ आणि १९९८ मधली त्यांची पुस्तके या विषयावरची आहेत. ती भाषाशास्त्रज्ञांनी फारशी वाचली नाहीत, आणि संगणकवाल्यांनी त्याहून कमी. दोन कुंपणांच्या मधल्या वाटेने चालणाऱ्याच्या वाट्याला हे येतेच. आजची यंत्रे माणूस जन्मभरात ऐकू शकणार नाही इतका मजकूर पचवून बोलायला लागतात आणि तीन वर्षांचे मूल आईशी भांडता-भांडता तेवढेच सफाईने बोलते, हे समोरासमोर ठेवून पाहिले तर ती पुस्तके पुन्हा उघडावीशी वाटतात.

त्यांचे शेवटच्या काळातले पुस्तक २००४ साली आले. त्याचा विषय होता साक्षरता: पाश्चात्त्यांचा अनुभव आणि भारताचा अनुभव. आपल्याकडची मौखिक परंपरा, म्हणजे लेखणीवाचून ज्ञान तयार करण्याची, पारखण्याची आणि पुढच्या पिढीच्या कानात सोपवण्याची रीत, यावर त्यांनी त्यात बराच विचार केला आहे. तीन वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, बंगळूरला त्यांचे निधन झाले.