मोटारगाडींतील नभोवाणी

मोटारगाडी एका कारखान्यानें तयार करावी, आणि तिच्यांतील ध्वनियंत्र मालकानें दुसरीकडून आणून आपल्या पसंतीनें बसवून घ्यावें, ही चाल आतां शंभर वर्षांच्या घरांत आली आहे. वरवर पाहतां हा यंत्रांचा इतिहास आहे. पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर मालकाची सत्ता किती, हा त्यांतील खरा वाद होय.

अमेरिकेंत १९२० नंतरच्या दशकांत नभोवाणीचें वेड घरोघर पसरलें आणि हौशी लोक घरांतील यंत्र गाडींत नेऊं लागले. काम मोठें खटपटीचें होतें. गाडीची बॅटरी सहा व्होल्टांची, तर रेडिओच्या नळ्यांना कितीतरी अधिक दाब हवा. त्याकरितां कोरड्या बॅटऱ्यांची जड पेटी गाडीच्या तळाखालीं बसवावी लागे. आकाशतारेसाठीं छताचें अस्तर उसवून आंत तारेची जाळी पसरीत. सर्वांत मोठा शत्रु मात्र इंजिनच. त्यांतील प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसें प्रक्षेपणकेंद्र! गाणें लागलें न लागलें तोंच इंजिनाची कडकड त्यावर स्वार होई. प्रत्येक प्लगवर रोधक बसवून ती दाबावी लागे. एवढें सारें झाल्यावर कोठें श्रोत्याच्या पदरीं कांहीं पडे.

शिकागो येथील पॉल गॅल्विन याचा छोटा कारखाना १९२८ सालीं निघाला आणि पुढच्याच वर्षीं मंदीच्या तडाख्यांत सापडला. विल्यम लिअर व एल्मर वेव्हरिंग या तरुणांच्या साह्यानें त्यानें स्वतःच्या स्टुडबेकर गाडींत एक रेडिओ बसविला, आणि जून १९३० मध्यें रेडिओ कारखानदारांच्या अधिवेशनासाठीं अटलांटिक सिटी हें शहर गांठलें. प्रदर्शनांत त्याची स्वतःची जागा नव्हती. म्हणून गाडी बाहेर उभी करून तो येणाऱ्याजाणाऱ्यांस रेडिओ ऐकवूं लागला. मागण्या आल्या. या यंत्राला त्यानें मोटोरोला असें नांव दिलें. बसविण्याच्या खर्चासह त्याला ११० ते १३० डॉलर पडत. त्या काळीं साधी फोर्ड गाडी पांचशे डॉलरांच्या आसपास मिळे. म्हणजे केवळ गाण्यापायीं गाडीच्या किंमतीचा पांचवा हिस्सा! लोकांनीं तो दिला, यावरून माणसाची हौस कशी मोजावी तें कळतें. चालकाचें चित्त विचलित होईल म्हणून कांहीं ठिकाणीं बंदीचे कायदेहि सुचविण्यांत आले. आज तीच तक्रार पडद्यांविषयीं ऐकूं येते, आणि तिच्यांत तथ्य अधिक आहे.

युरोपांत ब्लाउपुंक्टचा पहिला संच १९३२ सालचा. तो इतका अवजड होता कीं समोरच्या फळीवर त्याला जागाच नव्हती. चक्राच्या दांड्यावरील छोट्या खटक्यांनीं तो दुरून चालवावा लागे. नळ्यांची ही अडचण ट्रान्झिस्टरनें सोडविली. १९५५ सालीं फिल्को व क्रायस्लर यांनीं नळ्यांवांचून चालणारा गाडीचा रेडिओ आणला. फिलिप्सची कॅसेट १९६३ ची. ती गाडींत शिरल्यावर ऐकणारा नभोवाणीच्या वेळापत्रकांतून सुटला.

या साऱ्या शोधांहून महत्त्वाची गोष्ट अगदीं साधी, किंबहुना रुक्ष आहे: एक चौकोनी भोंक. जर्मन प्रमाणसंस्थेनें रेडिओसाठीं १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच अशी खिडकी ठरवून दिली आणि पुढें आंतरराष्ट्रीय संस्थेनेंहि ती स्वीकारली. जपानी गाड्यांत दुप्पट उंचीची खिडकी रूढ झाली. कोणत्याहि कंपनीचा संच कोणत्याहि गाडींत मावूं लागला. तारांचाहि संकेत ठरला: काळी जमिनीची, पिवळी अखंड प्रवाहाची, तिच्यामुळें संचाची स्मृति टिकते, आणि लाल किल्ली फिरविल्यावर जागी होणारी. जाणता कारागीर बॅटरीचें ऋण टोंक आधीं सोडवी, जुना संच ओढून काढी आणि तासाभरांत नवा बसवी. मालकाला गाडी न बदलतां तिचा आवाज बदलतां येत असे, आणि ही सत्ता कांहीं लहान नव्हे.

ती हळूहळू हातची गेली. बॉश कंपनीनें १९८६ सालीं अशी पद्धति जाहीर केली कीं तारांच्या एकाच जोडीवरून गाडीचे अनेक भाग एकमेकांना निरोप पाठवतील. तांब्याच्या तारांचें ओझें वांचलें, हा लाभ खरा. पण पुष्कळ गाड्यांतून लाल तारच नाहींशी झाली. किल्ली फिरल्याची वार्ता आतां सांकेतिक निरोपांतून येते आणि बाहेरच्या संचाला ती भाषा कळत नाहीं. म्हणून दोघांमध्यें दुभाष्याचें काम करणारी एक डबी बसवावी लागते. चक्रावरील बटणें, मागचा कॅमेरा, कधीं वातानुकूलनसुद्धां, हें सर्व त्याच पडद्याशीं जोडलेलें. चौकोनी खिडकीच्या जागीं कारखान्यानें घडविलेला वेडावांकडा पडदा. रेडिओ काढूं म्हटलें तर गाडीचीं चार इतर कामें त्याबरोबर निघून येतात. सोय आणि परावलंबन यांची इतकी घट्ट वीण कारखानदारांनीं सहज घातली असेल, असें मानणें भोळेपणाचें होईल.

२००१ सालच्या बीएमडब्ल्यू सातव्या मालिकेच्या गाड्यांत तर ध्वनियंत्रणेचे भाग प्रकाशतंतूच्या एका वर्तुळांत ओवलेले होते. वर्तुळांतील एक भाग काढला कीं सारेंच मुकें! तेथें हात घालणारे कारागीर खिशांत प्रकाशतंतूचा बोटभर लांबीचा फांसा बाळगतात. संच काढतांच तो रिकाम्या जागीं खोंवतात, म्हणजे वर्तुळ पुन्हां जुळतें आणि उरलेले भाग बोलूं लागतात.