बांबूच्या बेटातले काटे आणि माधव गाडगीळ

पेट झाली, गाइड मिळाले की पहिला प्रश्न येतो: टॉपिक काय घ्यायचा? मग आपण लॅपटॉप उघडून पेपरांमध्ये 'रिसर्च गॅप' शोधत बसतो. त्यात चूक काही नाही. पण आज अशा एका संशोधनाचा इतिहास सांगतो, ज्यातला महत्त्वाचा प्रश्न पेपरात नव्हताच. तो गावकऱ्यांच्या बोलण्यात होता.

माधव गाडगीळ हे नाव तुम्ही पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालामुळे ऐकलं असेल. ही गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे. पुण्यात १९४२ साली जन्म, फर्ग्युसन कॉलेज, मुंबईत प्राणिशास्त्राची एम.एस्सी. आणि १९६९ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. म्हणजे साधारण आपल्याच वयात. त्यांचं तिथलं मुख्य काम गणिती होतं. सजीवाने आपली ताकद वाढीवर किती खर्च करायची आणि पुनरुत्पादनावर किती? काही जीव आयुष्यात एकदाच पुनरुत्पादन करून मरतात, ते का? बॉसर्ट यांच्यासोबत १९७० मध्ये लिहिलेला यावरचा पेपर आजही वाचला जातो.

हार्वर्डमध्ये शिकवण्याची संधी होती, तरी १९७१ मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी, मान्सूनच्या अभ्यासक सुलोचना गाडगीळ, भारतात परतले. पुण्यात वा. द. वर्तक या वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर गाडगीळ देवराया बघत फिरले. १९७३ पासून दोघंही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले.

आता मूळ गोष्ट. १९७५ च्या सुमारास कर्नाटकातल्या बुरुडांची तक्रार होती की कागद गिरण्या बांबू संपवत आहेत, आम्हाला टोपल्या विणायला बांबू मिळत नाही. दुसरी बाजू म्हणत होती, गावकऱ्यांची तोड आणि गुरांची चराई यांमुळे जंगल बसलंय. राज्य सरकारने गाडगीळांना खरं काय ते तपासायला सांगितलं. त्यांचा अभ्यास उत्तर कन्नड जिल्ह्यात सुरू झाला. दांडेलीची मोठी कागद गिरणी याच भागातली.

तिथल्या काटेरी बांबूला आपण कळक म्हणतो. त्याच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. या जाळ्यामुळे बेटात गर्दी होते, ते साफ केलं की नवे बांबू जोमाने वाढतील, असं वनखात्याचं म्हणणं होतं. त्यामुळे काटे काढले जात. ऐकायला अगदी शास्त्रीय वाटतं, नाही का? विरळणी तर आपण शेतातही करतो.

गावकरी मात्र उलट सांगत होते. पावसाळ्यात जमिनीतून येणारे कोंब कोवळे आणि रसाळ असतात. गुरं, वानरं, साळिंदर सगळे त्यावर टपलेले. (बांबूच्या कोंबांची भाजी खाल्लेल्यांना हे वेगळं सांगायला नको.) काट्यांचं जाळं हे त्या कोंबांचं कुंपण आहे, ते काढलं की कोंब खाल्ले जातात आणि बेट म्हातारं होत जातं.

इथे थांबून विचार करा. तुमच्यासमोर दोन विधानं आहेत. एक खात्याच्या कागदावरचं, दुसरं गावातल्या माणसाच्या तोंडचं. आपण बहुतेक वेळा पहिलं 'संदर्भ' म्हणून लिहितो आणि दुसरं 'लोकसमजुती' या मथळ्याखाली ढकलतो. गाडगीळांनी दोन्हींना सारखंच वागवलं: दोन्ही गृहीतकं, दोन्ही तपासायची. जंगलात जाऊन पाहणी केल्यावर गावकऱ्यांचंच खरं निघालं.

पण ते तिथेच थांबले नाहीत. काटे काढायची पद्धत चुकीची होती हे एक कारण झालं. गिरणीला बांबू संपण्याची काळजी का नव्हती, हा पुढचा प्रश्न. उत्तर दरात सापडलं. करारानुसार गिरणीला बांबू दीड रुपया टन मिळत होता, बाजारात बुरुडाला त्याच्या कित्येक पटींनी जास्त मोजावे लागत. जवळजवळ फुकट मिळणारी वस्तू कोण जपून वापरेल? एका भागातला संपला की पुढच्या भागात जायचं. गाडगीळांचे वडील धनंजयराव अर्थतज्ज्ञ होते, हे इथे आठवतं.

आणि ती हार्वर्डची गणितं? तीही वाया गेली नाहीत. बांबू अनेक वर्षं नुसता वाढतो, एकदाच फुलतो आणि मरतो, म्हणजे त्यांच्या जुन्या प्रश्नाचं चालतंबोलतं उदाहरणच. १९८४ मध्ये नरेंद्र प्रसाद यांच्यासोबत त्यांनी दोन भारतीय बांबूंच्या जीवनक्रमाच्या उत्क्रांतीवर 'बायोट्रॉपिका'त पेपर लिहिला. सरकारने सोपवलेल्या कामातून मूलभूत विज्ञानही निघू शकतं ते असं.

शिकवण्यातही हीच रीत दिसते. १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचं केंद्र उभं केलं. त्यांचे विद्यार्थी रामन सुकुमार हत्ती आणि शेतकरी यांच्या संघर्षावर पीएच.डी. करत जंगलात राहिले. पुढे पश्चिम घाटातल्या साध्यासुध्या कॉलेजांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी जैवविविधतेच्या नोंदींसाठी त्यांनी जोडून घेतले. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या हा त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

या सगळ्याची किंमतही मोजावी लागते, हे लपवत नाही. लोकांना विचारून काढलेलं उत्तर वरच्यांना आवडेलच असं नाही. पश्चिम घाटाच्या अहवालात ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या असं सुचवलं होतं. त्या अहवालाला मोठा विरोध झाला आणि पुढे दुसरी समिती नेमली गेली.

तर फील्डवर्कला जाताना एक करा. वहीचं एक पान 'लोक काय म्हणाले' यासाठी ठेवा, आणि प्रत्येक वाक्यासमोर लिहा: हे खरं असेल तर मला काय मोजता येईल? कदाचित तुमचा टॉपिक त्या पानावर असेल.