कुंडीतला बटाटा का पोसत नाही?

पाला हिरवागार, पण तीन महिन्यांनी माती उकरल्यावर हाती गोट्यांएवढे चार बटाटे! गच्चीवर बाग फुलवणाऱ्या अनेकांचा हा अनुभव असतो. अशा वेळी खताचा आणखी एक हप्ता देण्याआधी झाडाची लक्षणे तपासणे हिताचे ठरते.

नुसताच पाला : बटाटा हे मूळ नसून जमिनीखालील खोड आहे. नत्र जास्त झाल्यास झाडाची शक्ती पानांत जाते. कंद पोसण्यास १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. माती ३० अंशांपुढे तापल्यास कंदधारणा जवळपास थांबते. म्हणूनच मैदानी भागात रब्बी लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. दुपारच्या उन्हात कुंडी भिंतीलगत ठेवू नये.

पिवळी पाने : खालची जुनी पाने आधी पिवळी पडली, तर नत्र कमी आहे. मात्र लागवडीला ९० दिवस होत आले असतील, तर ती काढणीची खूण समजावी. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय.

माती ओली, तरी झाड मलूल : पाणी साचून मुळे कुजली असावीत, अथवा जिवाणूजन्य मर रोग असावा. खोडाचा तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरावा. त्यातून दुधाळ धागा उतरल्यास मर रोग समजावा. त्यावर औषध नाही. झाड मातीसह टाकून द्यावे.

काळपट, पाणथळ डाग : थंड, दमट हवेत पसरणारा हा उशिरा येणारा करपा. १८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळाचे मूळ हाच रोग होता. रोगट झाडे त्वरित काढावीत, कारण शेजारच्या टोमॅटोलाही तो ग्रासतो.

हिरवे बटाटे : उजेड लागल्याने कंद हिरवे होतात आणि त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. ते शिजवूनही नष्ट होत नाही, त्यामुळे असे बटाटे खाऊ नयेत. झाड वीतभर वाढले की बुंध्याला मातीची भर द्यावी.

पुढच्या हंगामात बाजारातल्या बटाट्याऐवजी प्रमाणित बियाणे आणि नवी माती घेतल्यास निम्मे आजार दारातच अडतील.