विकरे, मेदऊती आणि कृश देहातील मेद : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

स्थूलतेचा विचार आजही प्रामुख्याने वजनाच्या आधारे केला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेल्जियन गणिती अ‍ॅडॉल्फ केतले यांनी वजन आणि उंचीचा वर्ग यांचे गुणोत्तर मांडले. १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज यांनी त्यास ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिले आणि हा निर्देशांक जगभर रूढ झाला. कोल्हापूरच्या तालमीतील कसलेला मल्ल या निर्देशांकानुसार सहज स्थूल ठरतो, तर पोट सुटलेला सडपातळ कारकून निरोगी ठरतो. मेद किती आहे यापेक्षा तो कोठे साठतो आणि त्याची ऊती कशी बदलते, हा प्रश्न अधिक मूलगामी आहे. त्याचे उत्तर शोधण्याचे दोन प्रयत्न, एक प्रयोगशाळेतील व दुसरा पुणे जिल्ह्यातील खेड्यांमधील, प्रस्तुत लेखात एकत्र पाहावयाचे आहेत.

विकरांचा शोध

मेदऊती म्हणजे चरबीचे निष्क्रिय कोठार, ही धारणा दीर्घकाळ टिकली. १९४३ मध्ये पॉल हान यांना असे आढळले की, स्निग्ध आहारानंतर दुधाळ झालेले कुत्र्याचे रक्त हेपॅरिन टोचताच निवळते. यामागील विकराचे स्वरूप एडवर्ड कॉर्न यांनी १९५५ मध्ये स्पष्ट केले. ते म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज. केशवाहिन्यांच्या भिंतीवर राहून ते रक्तातील मेदाचे विघटन करते आणि सुटलेली मेदाम्ले मेदपेशींत शिरतात. इन्सुलिनमुळे मेदऊतीतील या विकराचे कार्य वाढते. साठलेला मेद बाहेर काढणारे संप्रेरक-संवेदी लायपेज १९६० च्या दशकात ज्ञात झाले. त्याच्या कार्यास अ‍ॅड्रेनलिन चालना देते, तर इन्सुलिन रोखते. हेच विकर मेदविघटनाची पहिली पायरी पार पाडते, असे सुमारे चाळीस वर्षे मानले गेले. २००४ मध्ये ग्रात्स येथील संशोधकांनी त्या पायरीचे वेगळे विकर शोधून काढले आणि पाठ्यपुस्तके बदलावी लागली.

मेद वाढण्यासाठी पेशीला जागा लागते, ही बाब मात्र उशिरा ध्यानात आली. मेदपेशींभोवती कोलॅजेन तंतूंचे जाळे असते. हे तंतू कापणारे विकर १९६२ मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांना बेडकाच्या पिलाच्या झडणाऱ्या शेपटीत सापडले. स्थूलतेशी त्याचा काही संबंध असेल असे तेव्हा कोणास वाटले नसावे. परंतु २००६ मध्ये याच कुळातील एक विकर नसलेल्या उंदरांत मेदपेशी खुरटलेल्या आढळल्या. सपाट पात्रात वाढणाऱ्या त्या पेशी कोलॅजेनच्या त्रिमितीय जाळ्यात मात्र अडकून पडत. त्याआधी २००१ मध्ये, केवळ मेदऊतीत कॉर्टिसोलसदृश संप्रेरक सक्रिय करणारे विकर वाढवलेल्या उंदरांना पोटाची स्थूलता जडल्याचे दिसले होते. त्यांच्या रक्ताभिसरणातील संप्रेरकाची पातळी मात्र वाढलेली नव्हती. म्हणजे बिघाड ऊतीतच घडत होता.

पुण्याचा अनुभव

हे सारे कुत्रे आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून कळले. महाराष्ट्रातील माणसाविषयीचा पुरावा निराळ्या वाटेने आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. या मातांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत विलक्षण बाब ही की, पुण्याच्या बाळांचे स्नायू व उदर पुष्कळ लहान असूनही पाठीवरील त्वचेखालचा मेद जवळजवळ टिकून होता. पुणे आणि लंडन येथील नवजातांच्या नाळेतील रक्ताची तुलना करता पुण्याच्या बाळांत इन्सुलिनही अधिक आढळले. इन्सुलिनचे वर उल्लेखिलेल्या दोन्ही लायपेजांवरील नियंत्रण लक्षात घेता, साठवणीकडे झुकलेली मेदऊती गर्भातच घडू लागते, असा तर्क करता येतो. मानवी गर्भातील विकरांचे थेट मापन हे त्या तर्कापुढील अवघड काम आहे.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांनी लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक २२.३ इतकाच. युडकिन यांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के.

असा देह कशामुळे घडला असावा? दख्खनने १८७६ ते १८७८ चा आणि १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. पुण्यात पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना पुढील दोन पिढ्या पुरेसा आहार देऊनही त्यांच्यातील दोष गेले नाहीत, असे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांवरून इतिहासाचे अनुमान काढताना सावधगिरी हवीच. तथापि वारणा-पंचगंगेच्या बागायती पट्ट्यात, पेठ वडगावच्या परिसरात, कोरडवाहू पूर्वजांची नातवंडे आज आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या तपासणीत केवळ वजनाची नोंद पुरेशी आहे काय?

त्या सहा खेड्यांतील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींमध्ये रक्तशर्करेचे नियंत्रण बिघडलेले आढळले. त्या वेळी एकूण मुलामुलींपैकी जवळजवळ निम्म्यांचा निर्देशांक १८.५ पेक्षाही कमी होता.