न बोललेले वाक्य

स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात 'विधान आणि गृहीतके' असे एक प्रकरण असते. तामलवाडीसारख्या गावातली मुलेही ते घोकतात. ग्रामपंचायतीने फळ्यावर लिहिले, 'पाणी उकळून प्या.' यात काय गृहीत धरले आहे? लोक फळा वाचतात, हे. उकळल्याने पाणी पिण्याजोगे होते, हेही. ओळखण्याची रीत सोपी आहे. गृहीतक उलटे करून पाहावे. 'फळा कोणीच वाचत नाही' म्हटले की लिहिण्याला अर्थ उरत नाही. विधान कोसळले, तर ते गृहीतक आवश्यक. तगले, तर ते आपण बाहेरून आणलेले.

ही विद्या जुनी आहे. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे. तेव्हा तो रात्री जेवतो, असे मानावेच लागते. मीमांसक याला 'अर्थापत्ती' म्हणत. ज्या युक्तिवादातले एक विधान मनातच राहते, त्याला अरबी तर्कशास्त्रात 'जमीर' म्हणतात. उर्दूत याच शब्दाचा अर्थ सदसद्विवेकबुद्धी.

आता याच रीतीने आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहू. तामलवाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे. १९४८ साली सोलापूर भारतात होते, तर तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरला वकिली करायचा. लातूर तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातच होते. रझाकारांनी गावोगाव लूट, जाळपोळ आणि खून केले. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली. १७ तारखेला निजाम शरण आला. जुलूम संपला.

त्यानंतर मात्र सूड सुरू झाला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना चौकशीसाठी पाठवले. त्यांच्या अंदाजाने संस्थानात कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता.

सूड घेणाऱ्यांचा युक्तिवाद छोटा होता : 'रझाकार मुसलमान होते. हा मुसलमान आहे. म्हणून हा दोषी.' मधले वाक्य कोणी उच्चारत नव्हते : 'प्रत्येक मुसलमान रझाकार असतो.' हे वाक्य काढा, सगळा युक्तिवाद कोसळतो. आणि ते खोटेच होते. शोएबुल्ला खान 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांना ठार मारण्यात आले.

रझाकारांचेही असेच एक न बोललेले वाक्य होते : 'हिंदू म्हणजे राज्याचा वैरी.' प्रत्यक्षात निजामाच्या अखेरच्या मंत्रिमंडळातले उपपंतप्रधान पिंगली वेंकटराम रेड्डी हिंदू होते.

सुंदरलाल समितीने आणखी एक नोंद केली आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले आणि त्यात आपले जीव गमावले. तर्कशास्त्र त्यांनी कुठे शिकलेले नसणार. पण शेजारच्या मागावर बसणारा माणूस त्यांना नावाने आणि कामाने ठाऊक होता. तिथे ते मधले वाक्य टिकलेच नाही.

म्हणून अभ्यास करणाऱ्या मुलांना एवढेच सांगणे आहे, की हा प्रश्न परीक्षेपुरता ठेवू नका. चावडीवर, एस.टी.त, मोबाइलवर कोणी 'ते लोक असेच' म्हणाले, तर शांतपणे विचारा : यात तुम्ही काय गृहीत धरले आहे?