ताप उतरत नाही? आधी रक्त बघा, मग औषध!

"पंधरा दिवस झाले, ताप काही उतरत नाही. दोन डॉक्टर झाले, चार सलाईन झाल्या." पावसाळ्यात आपल्या शहरात हे घरोघरी ऐकू येतं. म्हणून आज थोडा इतिहास.

दीडशे वर्षांपूर्वी हिवतापाचं कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं होतं: दलदलीची कुजकी हवा. 'मलेरिया' या इटालियन शब्दाचा अर्थच 'वाईट हवा'. 1880 साली अल्जेरियात फ्रेंच डॉक्टर लाव्हरां यांना रुग्णाच्या रक्तात परजीवी दिसला. पण तो रक्तात येतो कुठून?

याचा धागा सापडला सिकंदराबादच्या छावणीत. म्हणजे निजामाच्या मुलखात, ज्यात तेव्हा आपलं औरंगाबादही होतं. रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर तिथं डास चिरून चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. हुसेन खान नावाच्या रुग्णाने डास चावून घेतले, एका डासामागे एक आणा! 20 ऑगस्ट 1897 ला ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात परजीवीच्या खुणा सापडल्या. रॉस यांना 1902 चं नोबेल मिळालं. हुसेन खानला मिळाले ते आणेच.

टायफॉइडची विडाल टेस्ट त्याच काळातली, 1896 ची. आजही तिच्या एका रिपोर्टवर 'टायफॉइड' ठरवून मोकळे होतात. पण पूर्वी टायफॉइड झालेला असेल किंवा लस घेतलेली असेल, तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्रीची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर. आणि अँटिबायोटिक आधी सुरू झालं, की कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. मग खरं कारण लपतं.

1961 मध्ये पीटर्सडॉर्फ आणि बीसन या अमेरिकन डॉक्टरांनी तीन आठवड्यांहून जास्त चाललेल्या, निदान न झालेल्या तापाचे 100 रुग्ण अभ्यासले. सर्वांत मोठा गट संसर्गाचा निघाला, त्यात क्षयरोग बराच. कॅन्सर आणि सांध्यांशी संबंधित आजारही होते. म्हणजे प्रत्येक लांबलेला ताप टायफॉइड नसतो, मंडळी.

तेव्हा डॉक्टरांना न लाजता विचारा: मलेरियाची स्लाइड काढली का? कल्चर पाठवलं का? टीबी बघितला का? मलेरियाची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. मेडिकलवरून स्वतःच्या मनाने गोळ्या आणू नका. तापाची तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांना त्यातूनच पहिला धागा मिळतो.