मूल्यवान मंत्रसामग्री (डंजन्स अँड ड्रॅगन्स)

मूल्यवान मंत्रसामग्री म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि त्यासारख्या टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत विशिष्ट मंत्र टाकण्यासाठी लागणारी, नियमपुस्तकात सुवर्णनाण्यांत किंमत नमूद केलेली वस्तू होय. हिरे, मोती, रत्नांची पूड, धूप, दुर्मीळ तेले आणि घडवलेली पात्रे ही तिची नेहमीची रूपे आहेत. साधी सामग्री जादूगाराजवळ असतेच असे गृहीत धरले जाते. मूल्यवान सामग्री मात्र खेळाडूने मिळवावी, सांभाळावी आणि अनेकदा खर्च करावी लागते. मृत पात्राला जिवंत करणारे बहुतेक मंत्र याच प्रकारात मोडत असल्याने पात्राचे मरण किती अंतिम आहे, हे ठरवण्यात या नियमाचा मोठा वाटा असतो.

स्वरूप

या खेळात मंत्राचे तीन घटक मानले जातात : वाचिक (उच्चार), आंगिक (हस्तमुद्रा) आणि भौतिक (वस्तू). भौतिक घटकांचे पुढे तीन गट पडतात.

१. साधी सामग्री – किंमत दिलेली नसते. उदा. फायरबॉल मंत्रासाठी वटवाघळाची विष्ठा आणि गंधक.
२. मूल्यवान पण टिकणारी सामग्री – एकदा मिळवली की पुन्हा पुन्हा वापरता येते. उदा. आयडेंटिफाय मंत्राचा १०० सुवर्णनाण्यांचा मोती.
३. मूल्यवान आणि खर्च होणारी सामग्री – मंत्र टाकताच नष्ट होते. उदा. स्टोनस्किन मंत्राची १०० सुवर्णनाण्यांची हिऱ्याची पूड.

साध्या सामग्रीच्या निवडीमागे बहुधा साधर्म्याची कल्पना किंवा विनोद असतो. वटवाघळांच्या विष्ठेपासून सोरा मिळतो आणि सोरा व गंधक हे बंदुकीच्या दारूचे घटक आहेत. लाइटनिंग बोल्ट मंत्राला लागणारी लोकर व काचेची कांडी घर्षणाने निर्माण होणाऱ्या स्थिर विद्युतेची आठवण करून देते. मूल्यवान सामग्रीचा हेतू वेगळा आहे. ती मंत्राच्या वापरावर आर्थिक मर्यादा घालते.

इतिहास

गॅरी गायगॅक्स व डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला. तीन घटकांची पद्धत १९७८ च्या अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये सविस्तर मांडली गेली. त्या आवृत्तीत आयडेंटिफाय मंत्रासाठी १०० सुवर्णनाण्यांचा मोती आणि घुबडाचे पीस मद्यात भिजवून ते प्यावे लागे, शिवाय जिवंत छोटा मासाही गिळावा लागे. पुनरुज्जीवनाला मर्यादा होती ती शरीरप्रकृतीची : प्रत्येक वेळी पात्राचा कॉन्स्टिट्यूशन हा गुणांक एकाने घटे आणि मंत्र निष्फळ ठरण्याचीही शक्यता असे.

२००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत खर्च होणारी सामग्री आणि टिकणारे साधन यांत स्पष्ट भेद केला गेला. काही मंत्रांसाठी अनुभवगुणही खर्च करावे लागत. ५ सुवर्णनाण्यांची सामग्रीची पिशवी जवळ असली की किंमत नसलेल्या सर्व वस्तू उपलब्ध आहेत, असे मानले जाई. २००३ च्या ३.५ या सुधारित आवृत्तीत रेझ डेड मंत्राला ५,००० सुवर्णनाण्यांचा हिरा लागे आणि जिवंत झालेले पात्र सामान्यतः एक पातळी गमावे.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीत मूल्यवान सामग्री प्रामुख्याने विधींपुरती ठेवण्यात आली. जादुई वस्तूंचे विघटन करून मिळणारे रेसिड्युअम हे द्रव्य कोणत्याही विधीसाठी चाले. रेझ डेड विधीचा खर्च पात्राच्या टप्प्यानुसार ५००, ५,००० किंवा ५०,००० सुवर्णनाणी असा वाढत जाई.

पाचव्या आवृत्तीतील नियम

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनुसार सामग्रीची पिशवी (२५ सुवर्णनाणी) किंवा मंत्रसाधन हे किंमत नसलेल्या सामग्रीची जागा घेते. किंमत दिलेली असेल तर नेमकी तीच वस्तू जवळ असावी लागते. वस्तू नष्ट होते असे मंत्रात नमूद असेल तरच ती खर्च होते. विश या मंत्राने आठव्या किंवा खालच्या स्तराच्या मंत्राचा परिणाम साधल्यास मात्र त्या मंत्राच्या सामग्रीची गरज राहत नाही.

पुनरुज्जीवनाचे प्रमुख मंत्र व त्यांची खर्च होणारी सामग्री पुढीलप्रमाणे (२०१४) :

• रिव्हिव्हिफाय – ३०० सुवर्णनाण्यांचे हिरे. मृत्यूनंतर १ मिनिटाच्या आत.
• रेझ डेड – ५०० सुवर्णनाण्यांचा हिरा. १० दिवसांच्या आत.
• रेझरेक्शन – १,००० सुवर्णनाण्यांचा हिरा; १०० वर्षांच्या आत.
• ट्रू रेझरेक्शन – २५,००० सुवर्णनाण्यांचे हिरे व पवित्र जल. २०० वर्षांच्या आत.

मुदत जितकी कमी, तितकी सामग्री आधीच जवळ असण्याची निकड जास्त. रिव्हिव्हिफायचा हिरा मृत्यूनंतर बाजारातून आणणे व्यवहारात अशक्य असते. म्हणून तो ज्या पात्राकडे आहे तेच पात्र पडले किंवा पिशवी चोरीला गेली, तर मंत्र येत असूनही उपयोग होत नाही.

मूल्याचा प्रश्न

सामग्रीची व्याख्या वजनाने वा आकाराने न करता किमतीने केल्यामुळे एक तार्किक अडचण निर्माण होते. घासाघीस करून २०० नाण्यांना घेतलेला हिरा ३०० नाण्यांचा मानावा का? टंचाईमुळे भाव दुप्पट झाल्यास निम्म्या आकाराचा हिरा पुरेल का? प्रत्यक्ष दिलेली रक्कम प्रमाण मानल्यास खोट्या चढ्या भावाने केलेला व्यवहारही मंत्राला चालेल, असा विचित्र निष्कर्ष निघतो. म्हणून अनेक गट नियमातील किंमत हे वस्तूच्या दर्जाचे स्थिर माप समजतात आणि बाजारभाव त्याहून वेगळा मानतात. रत्ने बाजारात पूर्ण किमतीला विकली जातात, हा प्लेअर्स हँडबुकमधील सर्वसाधारण नियम या अर्थाला पूरक आहे.

शब्दयोजनाही महत्त्वाची ठरते. २०१४ च्या मजकुरात रिव्हिव्हिफायसाठी ‘हिरे’ असे अनेकवचन आहे, त्यामुळे लहान हिऱ्यांची बेरीज चालते. रेझ डेडसाठी मात्र एकच हिरा अपेक्षित आहे.

खेळातील व्यवस्थापन

मूल्यवान सामग्री हाताळण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक वस्तूची स्वतंत्र नोंद ठेवली जाते आणि ती खरेदीने किंवा लुटीतूनच मिळते. दुसऱ्या पद्धतीत पात्र शहरात असताना ठरावीक रक्कम सामग्रीसाठी बाजूला काढते आणि मंत्र टाकताना तीतून किंमत वजा होते. तिसऱ्या पद्धतीत मंत्राच्या वेळी थेट सोने वजा केले जाते. पहिली पद्धत दुर्मिळतेला अर्थ देते, पण हिशेब वाढवते. तिसरी सोपी आहे, पण दुर्गम प्रदेशातील पूर्वतयारीचे महत्त्व तीत उरत नाही.

सामग्रीच्या उपलब्धतेवर डंजन मास्टरचे, म्हणजे खेळाच्या सूत्रधाराचे, नियंत्रण असते. हिरे सर्वत्र मिळू लागले तर मृत्यू हा निव्वळ खर्चाचा विषय होतो; मुळीच न मिळाल्यास खेळाडूने निवडलेला मंत्र निरुपयोगी ठरतो. त्यामुळे मोहिमेच्या प्रारंभीच ही उपलब्धता स्पष्ट करणे खेळाडूंच्या दृष्टीने न्याय्य ठरते.

इतर खेळांत

२००९ च्या पाथफाइंडरने ३.५ आवृत्तीची चौकट बहुतांशी कायम ठेवली. त्यात सॉर्सरर वर्गाला एका सुवर्णनाण्यापर्यंतच्या सामग्रीशिवाय मंत्र टाकण्याची मुभा आरंभापासूनच मिळते. १९८७ च्या आर्स मॅजिकामध्ये व्हिस नावाचे जादूचे घनीभूत द्रव्य आहे. ते मंत्रासाठी खर्च होते आणि जादूगारांमध्ये चलनासारखेही वापरले जाते.